जवळची वाट आणि मधले घर

बेळगावहून ग्वाल्हेरला जाताना गाडी बदलावी लागत नाही. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे करत भोपाळ-झाशीवरून थेट ग्वाल्हेरला नेते. तरीही गेल्या डिसेंबरात मी गेले ती तब्बल तीन वर्षांनी. एवढा खंड पडला त्याला कारण माझेच एक बोलणे. आजचा लेख त्या बोलण्याबद्दल आहे, पण तिथपर्यंत पोचण्यासाठी मला बिनतारी जाळ्यातली गर्दी आणि निरोपांच्या वाटा हा विषय थोडा समजून घ्यावा लागला. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईने हे कशाला हाती घ्यावे, असे वाचकांना वाटेल. शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझी चुलत बहीण, आमची ताई, राहते. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी तिथे होती, म्हणून वस्तीचे नाव लष्कर. मराठी घरे तिथे अजून पुष्कळ आहेत. ताई मात्र मूळची धारवाडची. तिचे वडील, म्हणजे माझे काका, नोकरीमुळे धारवाडला स्थायिक झाले आणि काकू घरच्या कानडी. ताई वडिलांशी मराठीत आणि आईशी कन्नडमध्ये बोलत वाढली. लग्नानंतर हिंदी आली. आमचा गोतावळा बेळगाव, धारवाड, पुणे, इंदूर आणि ग्वाल्हेर असा पसरलेला. काकूंच्या माहेरच्यांना मराठी बेताचेच, तर इंदूरकडच्यांना कन्नडचा गंध नाही. दोन्हींकडे सारख्याच मायेने बोलणारी ताई. त्यामुळे घरात एक वाक्य रूढ झाले होते, "ताईला सांगा, म्हणजे सगळ्यांना कळेल." सीमाभागातल्या घरांत अशी एक व्यक्ती बहुधा असतेच. तुमच्याही घरात असेल.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला ताईचा फोन आला. रात्री काकांच्या छातीत दुखू लागले, इस्पितळात हलवले आहे, तू निघ. मी मिळेल त्या बसने निघाले. जीव थाऱ्यावर नव्हता. काकूंना या वेळी कशाला त्रास द्यायचा, म्हणून मी वाटेत ताईलाच फोन लावत राहिले. कित्तूर येईपर्यंत नऊ वेळा लावला. तीनदा लागला, बाकी वेळा 'व्यस्त'. धारवाडला पोचले तेव्हा सगळे संपले होते.

माझा दादा इंदूरला असतो. काकांचा तो फार लाडका. त्याला बातमी कळली दुपारी. सकाळीच कळली असती तर विमानाने तो संध्याकाळपर्यंत पोचला असता. त्याला काकांचे अंत्यदर्शन झाले नाही. त्या रात्री मी ताईला फोन करून म्हणाले, "एवढा एक निरोप तुला पोचवता आला नाही?" पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "चुकलं माझं," आणि तिने फोन ठेवला. पुढची तीन वर्षे आमचे बोलणे सणावारापुरते राहिले.

गेल्या वर्षी ताईच्या मुलानेच पुढाकार घेतला. तो तिथल्या एका अभियांत्रिकी संस्थेत एम.टेक. करतो. "मावशी, तानसेन समारोहाला या," म्हणून हट्टच धरला. ग्वाल्हेर आपण गाण्यासाठी आणि किल्ल्यासाठी ओळखतो, पण शिक्षणाचेही ते जुने ठाणे आहे. माधव इन्स्टिट्यूट तिथे १९५७ पासून आहे आणि माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था १९९७ मध्ये सुरू झाली.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा मला स्कूटरवरून सराफा बाजारात घेऊन निघाला. महाराज बाड्याच्या अलीकडेच आम्ही अडकलो. पुढे ई-रिक्षा, मागे ई-रिक्षा, मध्ये एक हातगाडी. मी म्हणाले, "अरे, दुसरी वाट नाही का?"

"आहेत ना मावशी, गल्ल्यागल्ल्यांतून आहेत. पण बाड्यावरून जवळ पडतं, म्हणून सगळे इथूनच जातात. आणि सगळे इथूनच जातात, म्हणून ही वाट जवळची राहत नाही." मग हसून म्हणाला, "माझा प्रोजेक्ट हाच आहे."

संध्याकाळी त्याने लॅपटॉप उघडून प्रोजेक्ट दाखवला. विषयाचे नाव, मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्कमधली गर्दी. 'अ‍ॅड हॉक' हा शब्द आम्हा प्राध्यापकांना तात्पुरत्या नेमणुकीमुळे चांगलाच परिचयाचा! इथेही अर्थ तोच. आपले मोबाइल टॉवरवर चालतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाला फोन केला तरी आवाज टॉवरकडे जाऊन परत येतो. पण जिथे टॉवर नाही किंवा पुरात, भूकंपात पडला आहे, तिथे काय करायचे? तिथे यंत्रांनीच आपसांत जाळे विणायचे. प्रत्येक यंत्र स्वतःचा निरोप पाठवते आणि दुसऱ्याचा निरोप पुढेही देते. म्हणजे जो गिऱ्हाईक, तोच पोस्टमन. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७० च्या दशकात 'पॅकेट रेडिओ' नावाने असे प्रयोग सुरू केले. बचावपथके, सैन्य, ड्रोनचे थवे यांच्यासाठी हा विचार आजही महत्त्वाचा आहे.

या जाळ्यात कुणी मुख्य नसतो आणि नकाशाही नसतो. मग निरोपाला वाट कशी सापडते? चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी १९९४ साली एक पद्धत मांडली. तीत प्रत्येक यंत्र साऱ्या गावाची यादी जवळ बाळगते आणि ती शेजाऱ्यांना वरचेवर कळवत राहते. यादी तयार असते हे खरे, पण ती ताजी ठेवण्यातच पुष्कळ बोलणे खर्ची पडते. पुढे पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांनी दुसरी पद्धत आणली. समीर दास यांच्यासह तयार केलेला तिचा मसुदा २००३ साली प्रसिद्ध झाला. तिचे नाव एओडीव्ही. गरज पडेल तेव्हाच वाट विचारायची, हे तिचे तत्त्व. मला 'क'पर्यंत जायचे आहे, अशी हाक मी शेजाऱ्यांना घालते. ते आपल्या शेजाऱ्यांना विचारतात. हाक 'क'पर्यंत पोचली की उत्तर त्याच पावलांनी मागे येते. संपूर्ण वाट कुणालाच ठाऊक नसते. आपल्या पुढचे दार कोणते, एवढेच प्रत्येकाला ठाऊक असते.

हे ऐकताना मला गंमत वाटली. कन्नडमध्ये 'दारी' म्हणजे वाट आणि मराठीत 'दारी' म्हणजे दारात. लहानपणी ताई आणि मी या शब्दावरून खूप हसायचो. या जाळ्यात मात्र दोन्ही अर्थ एकच होतात. एकेक दार जोडत गेले की वाट तयार होते.

भाच्याने पडद्यावर पन्नासएक ठिपके दाखवले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक यंत्र. त्याने कळ दाबली आणि ठिपक्यांमधून रेषा धावू लागल्या. थोड्या वेळाने मधला एक ठिपका पिवळा झाला, मग लाल.

"याला काय झालं?" मी विचारले.

"काही बिघडलेलं नाही. तो मध्ये आहे, एवढाच त्याचा दोष. सगळ्यांना कमीत कमी टप्प्यांची वाट हवी असते आणि ती त्याच्याच दारावरून जाते."

पुढचे त्याने सावकाश समजावले. प्रत्येक यंत्राजवळ थोडी जागा असते. आलेली पाकिटे तिथे रांगेत थांबतात. रांग भरली की पुढचे पाकीट टाकून द्यावे लागते. त्यात हवा सगळ्यांची एकच. एक बोलत असताना आसपासच्यांनी गप्प बसावे लागते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते. जाळे वाढेल तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटत जातो, हे पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली गणिताने दाखवले. कारण प्रत्येकाची बरीचशी ताकद दुसऱ्यांची ओझी वाहण्यात जाते.

खरा घोटाळा यापुढे होतो. उत्तर आले नाही की पाठवणारा काय समजतो? पलीकडचे यंत्र बंद पडले किंवा दूर गेले. ते गर्दीने दबले आहे, हे त्याला दिसत नाही. मग तो तेच पाकीट पुन्हा पाठवतो. तरी जमले नाही, तर वाट तुटली असे समजून नव्याने हाक घालतो. ती हाक शेजाऱ्यांकडून त्यांच्या शेजाऱ्यांकडे पसरते आणि आधीच भरलेल्या हवेत आणखी भर पडते. तैवानच्या संशोधकांनी १९९९ साली याला 'ब्रॉडकास्ट स्टॉर्म', म्हणजे हाकांचे वादळ, असे नाव दिले.

तारेच्या इंटरनेटवरही अशी वेळ आली होती. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधली वाहतूक अचानक कोलमडली. दोन्ही ठिकाणांत अंतर अवघे चारशे यार्डांचे. सेकंदाला ३२ हजार बिट वाहणारी वाट ४० बिटांवर आली. तारा शाबूत, यंत्रे शाबूत. उत्तर आले नाही म्हणून जो तो पुन्हा पुन्हा तेच पाठवत होता, त्यानेच वाट बुजली. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय मांडला. उत्तर आले नाही तर जोर करू नका, हात आखडता घ्या आणि मग हळूहळू वाढवा. आज जगभर इंटरनेट चालते त्यात या उपायाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे भरलेल्या बसमध्ये म्हणतातच, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!"

मी हसले, पण भाचा हसला नाही. लॅपटॉपकडे बघतच तो म्हणाला, "मावशी, हा विषय मी का घेतला, सांगू? अज्जा गेले त्या दिवसामुळे."

स्वयंपाकघरात ताई भाकरी थापत होती. त्याने आवाज खाली केला.

"आई त्या दिवशी सकाळभर फोनवरच होती. बेळगावहून तुमचे, पुण्याचे, धारवाडच्या मामांचे, इथल्या लोकांचे. इंदूरचा नंबर ती लावायची आणि मध्येच कुणाचा तरी यायचा. मी हॉस्टेलवर होतो. दुपारी घरी आलो आणि शेवटी मीच इंदूरला फोन लावला. पण मावशी, ते तेवढंच नाही. अज्जाला शुद्ध होती तेव्हा अज्जी आईला फोन लावत होती. त्यांना आईशी बोलायचं होतं. अज्जीला लाइन मिळालीच नाही. आईला हे नंतर कळलं. तिनं कुणाला सांगितलं नाही."

मला काही बोलता येईना. कित्तूरपर्यंतचे माझे नऊ फोन आठवले. ते मी काळजीपोटीच केले होते. पण काकांच्या शेवटच्या घटकेला त्यांची मुलगी ज्यांच्या फोनमध्ये अडकली, त्यांत मीही होते. वर रात्री मीच तिला निरोप पोचवला नाही म्हणून बोलले होते. इंदूरचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. कन्नड मलाही येते; धारवाडच्या मामांशी मी सरळ बोलू शकले असते. सवयीची वाट ताईच्या दारावरून होती, म्हणून दुसरी मी शोधलीच नाही.

त्या रात्री ताईजवळ बसून मी तिची क्षमा मागितली. काय बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. बराच वेळ आम्ही कन्नडमध्येच बोलत होतो. काकांबद्दल बोलायचे तर ताईला तीच भाषा सोपी जाते.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला विचारले, "तुझ्या त्या लाल ठिपक्याला उपाय काय?"

त्याने चार सांगितले. पहिला, पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा. जेकबसन यांनी सांगितला तोच. दुसरा, वाट निवडताना नुसते टप्पे मोजायचे नाहीत, वाटेतल्या यंत्रांपुढच्या रांगाही मोजायच्या. एक टप्पा जास्त पडला तरी मोकळ्या दारावरून जायचे. तिसरा, एकाऐवजी दोन-तीन वेगळ्या वाटा आधीच शोधून ठेवायच्या. एओडीव्हीमध्ये अशी सुधारणा २००१ सालीच सुचवली गेली. आणि चौथा मला सर्वांत आवडला. ज्याच्याकडे रांग मोठी आहे त्याने वाट विचारणाऱ्या नव्या हाकेला ओ द्यायची नाही, किंवा उशिरा द्यायची. तो गप्प राहिला की हाक आपोआप दुसऱ्या दारावरून पुढे जाते.

"म्हणजे कामाला नकार देणंच झालं की," मी म्हणाले.

"नाही मावशी. हातातलं काम तो पुरं करतोच. आणखी झेपणार नाही, हे वेळेवर कळवतो. रांग तुंबल्यावर कळवून उपयोग नसतो."

या उपायांनाही मर्यादा आहेत. रांगेची खबर कळवायची तर तीही निरोपांनीच, म्हणजे वर्दळ वाढणार. शिवाय सगळ्यांनी एकदम मोकळी वाट धरली तर तीच तुंबते आणि जुनी ओस पडते. इंटरनेटच्या पूर्वजाला, अर्पानेटला, १९८० च्या दशकात हा हेलकाव्याचा त्रास झाला आणि वाट मोजण्याचे सूत्र बदलावे लागले. बाड्यावरची सगळी वाहने एकाच गल्लीत शिरली तर काय होईल, ते सांगायला नकोच! म्हणून वाटणी हळूहळू करायची.

संध्याकाळी आम्ही तिघे हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी समारोहाला गेलो. गाणे ऐकताना डोक्यात भाच्याचे ठिपकेच होते. ग्वाल्हेरची गायकी आपल्या भागात आली तीही अशीच दारादारांतून. हस्सू खाँ यांच्याकडून वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि मिरजेला बुवांकडे शिकले ते कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर. पण ही एकच वाट नव्हती. हद्दू खाँ यांचे चिरंजीव रहिमत खाँ सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांच्या आश्रयाने आपल्याकडे आले आणि १९२२ साली कुरुंदवाडलाच वारले. एकाच बुवांवर सगळा भार असता आणि ते मध्येच थकले असते, तर आपल्या वाट्याला किती आले असते कोण जाणे.

परत निघण्यापूर्वी भाच्याने घरातल्या माणसांचे ठिपके एका कागदावर काढले. धारवाडच्या काकू आणि मामा यांच्याशी बोलायचे काम माझ्याकडे आले. इंदूर आणि पुणे दादाने घेतले. ग्वाल्हेरचे लोक भाच्याकडे. कुणी आजारी असेल तर त्याच्याजवळच्या माणसाला सारखे फोन करायचे नाहीत, तासातासाने एकानेच विचारून बाकीच्यांना सांगायचे, हेही ठरले. ताईचे नाव कागदावर मध्यभागी नव्हते. कडेला, बाकीच्यांसारखेच होते. ती आधी थोडी रुसली. "मला काढूनच टाकलंत का?" म्हणाली. सगळ्यांना आपण लागतो, याचेही एक सुख असते. मी तिला म्हणाले, "तुला आता निरोप सांगायला फोन करणार नाही, गप्पा मारायला करू."

वर्षभर हे बरे चालले आहे, अगदी सुरळीत असे म्हणणार नाही. दोन निरोप चुकले. एकदा पुण्याला साखरपुड्याची तारीखच वेगळी कळली. पण काकूंचा फोन आता थेट मला येतो. "ऊट आयता?" अशी जेवणाची चौकशी करून त्या बोलायला बसल्या की अर्धा तास कसा जातो कळत नाही. माझे कन्नडही त्यामुळे सुधारले.

वाचकहो, आज जेवायला बसाल तेव्हा आपल्या घरातले निरोप कुणाच्या दारावरून जातात, ते एकदा मोजून पाहा. दोन्ही भाषा येतात म्हणून, स्वभाव गोड म्हणून, 'नाही' म्हणता येत नाही म्हणून सगळे ज्यांच्याकडे टाकले जाते, त्यांची रांग किती लांब झाली आहे ते त्यांनाच विचारा.

या डिसेंबरात काकूंना दोन दिवस ताप होता. मी इंदूरला कळवले, दादाने पुण्याला, भाच्याला मी मेसेज केला. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. त्या संध्याकाळी ताई समारोहाला गेली होती. तिचा फोन तीन तास बंद होता आणि कुणाचे काही अडले नाही.